नेम कोणी धरावा?

महाविद्यालयात तीस वर्षे इंग्रजी वाङ्मय शिकविण्यात घालविलेल्या माणसाने अजस्र यंत्रमानवांच्या झुंजींवर लिहावयास बसावे, हे आमच्या कित्येक वाचकांस विचित्र वाटेल. व्हिडिओ गेम हा शब्द सुशिक्षित घरांतून बहुधा परीक्षेच्या निकालाच्या दिवशी उच्चारला जातो, आणि तोही आरोपपत्रातील एखाद्या कलमाप्रमाणे. तथापि ज्या खेळांत आपली मुले रोज तास-दोन तास रमतात, त्यांचे नियम न्यायाचे आहेत की अन्यायाचे, हे पाहणे वडीलधाऱ्यांचे काम नव्हे असे आम्हांस वाटत नाही. खेळाच्या नियमांनी माणसाच्या स्वभावाला वळण लागते; मग तो खेळ आट्यापाट्यांचा असो वा पडद्यावरील पोलादी राक्षसांचा. आमचा आजचा प्रश्न तर दिसावयास अगदीच लहान आहे. अशा झुंजीत नेम कोणी धरावा? खेळणाऱ्याच्या हाताने, की तो ज्या यंत्रात बसला आहे त्या यंत्राने?

ज्यांचा या खेळांशी परिचय नाही त्यांच्याकरिता चार शब्द सांगणे प्राप्त आहे. तीन-चार मजली घराएवढा पोलादी पुतळा, त्याच्या धडात किंवा डोक्यात एक लहानशी खोली, आणि त्या खोलीत बसून त्याला चालविणारा एक माणूस, अशी ही कल्पना आहे. जपानी चित्रकथांनी आणि दूरचित्रवाणीने तिला लोकप्रिय केले. अमेरिकेत शिकागो येथील एका कंपनीने १९८४ मध्ये या कल्पनेवर पटावरचा एक खेळ काढला. तो पुढे बॅटलटेक या नावाने गाजला. कंपनीच्या नावाची आद्याक्षरे एकत्र उच्चारली म्हणजे मराठी कानाला ती थेट ‘फासा’ अशी ऐकू येतात. हा योगायोग मोठा गमतीचा आहे, कारण त्या खेळातील सारा कारभार फाशांचाच होता. यंत्रे २० टनांपासून १०० टनांपर्यंतची. प्रत्येकाच्या हाताचे, पायाचे, धडाचे चिलखत निरनिराळे मोजलेले. मारा लागला की हुकला, हे दोन फाशांनी ठरावयाचे. आणि लागला तर शरीराच्या कोणत्या भागावर, हे पुन्हा दोन फाशांनीच. समोरून आलेल्या माऱ्यात बेरीज ७ आली तर छातीचा मध्यभाग, १२ आली तर डोके. दोन फाशांवर १२ येण्याचा संभव ३६ त १, हे आमच्या बालपणी सारीपाट खेळणाऱ्या आजीबाईंनाही ठाऊक होते. म्हणजे डोक्याला मार बसणे हे त्या खेळात जवळजवळ दैवाधीन होते.

पुढे १९८९ पासून हा खेळ मेकवॉरियर या नावाने संगणकावर येऊ लागला, आणि फाशांची जागा खेळणाऱ्याच्या हाताने घेतली. येथे एक मोठी गंमत झाली. मूळ खेळातले चिलखत विखुरलेल्या माऱ्याच्या हिशेबाने बेतलेले होते: एक गोळा हाताला, दुसरा पायाला, तिसरा खांद्याला. आता माऊस फिरविणारे तरबेज मनगट पाच-सहा हत्यारे एकाच क्षणी एकाच बिंदूवर झाडू लागले. ज्या चिलखताने दहा माऱ्यांपर्यंत टिकावे ते दोन-तीन माऱ्यांत फुटू लागले. २०१३ मध्ये रीतसर सुरू झालेल्या मेकवॉरियर ऑनलाइन या खेळाच्या कर्त्यांना चिलखत मूळ आकड्यांच्या दुप्पट करावे लागले. शिवाय एकाच जातीची पुष्कळ हत्यारे एकदम झाडल्यास यंत्र अवाजवी तापावे, असा दंडही त्याच वर्षी बसवावा लागला. रोगाचे मूळ नेमात होते आणि औषध चिलखताला व उष्णतेला लावण्यात आले. आमच्या मते यातून एक गोष्ट उघड होते. १०० टनांच्या यंत्राला माणसाच्या मनगटाची चपळाई दिली, तर ते यंत्र राहत नाही. मोठा अंगरखा घातलेला तो एक बंदूकवाला होतो.

याच्या उलट दुसरा संप्रदाय जपानचा. फ्रॉमसॉफ्टवेअर या कंपनीच्या आर्मर्ड कोअर या मालिकेत, १९९७ सालच्या पहिल्या खेळापासूनच, नेम धरण्याचे काम यंत्रातील एका उपकरणाकडे दिलेले आहे. प्रतिस्पर्धी एका ठरावीक चौकटीत आला की उपकरण त्याला ‘लॉक’ करते, मराठीत सांगावयाचे तर त्याच्यावर खिळते, आणि बंदुका आपोआप त्याच्याकडे वळतात. मौज अशी की हे उपकरण हाही यंत्राचा एक सुटा भाग असून तो खेळणाऱ्याने स्वतः निवडावयाचा असतो. कोणते जवळच्या अंतराला चांगले, कोणते लांबच्या. तेव्हा नेम यंत्र धरीत असले, तरी कोणत्या अंतरावरून लढावयाचे हे आधी माणसालाच ठरवावे लागते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये या मालिकेतील ‘आर्मर्ड कोअर ६’ हा खेळ आला. त्यात आणखी एक सोय आहे: एक कळ दाबली की खेळणाऱ्याची दृष्टीही प्रतिस्पर्ध्यावर खिळून राहते, तो कोठेही उडाला तरी.

या सोयीवरूनच आमच्या घरी कलह उपस्थित झाला. आमचा पुतण्या अभियांत्रिकीचे शिक्षण घेण्याकरिता गेली तीन वर्षे मीरा रोडला आमच्याकडे राहतो. त्याचा हात या खेळांत इतका बसलेला आहे की तेवढा तो गणितात बसता तर त्याच्या वडिलांची काळजी मिटली असती. आमच्याच मजल्यावर अकरावीत शिकणारा एक मुलगा आहे. दोन वर्षांपूर्वी रिक्षा उलटून झालेल्या अपघातात त्याच्या उजव्या हाताचा अंगठा कायमचा ताठ झाला. या खेळांच्या कंट्रोलरवर डावा अंगठा यंत्राला चालवितो, उजवा अंगठा दृष्टी फिरवितो, आणि दोन्ही हातांच्या तर्जनींनी हत्यारे चालवावयाची असतात. म्हणजे उजवा अंगठा ताठ झालेल्या मुलाला हा खेळ बंदच म्हणावयाचा. पण दृष्टी खिळविण्याची ती सोय सुरू केली आणि त्याच्या उजव्या अंगठ्याचे काम यंत्राने अंगावर घेतले. एका रविवारी दोघे समोरासमोर बसले. पुतण्याने, थोड्याशा दयाबुद्धीने, त्याला ती सोय वापरू दिली. आणि पाच डावांपैकी तीन डाव त्या मुलाने जिंकले.

पुतण्याची दयाबुद्धी तेथेच संपली. तो आम्हांला म्हणाला, “काका, तुम्हीच सांगा, हे डाव याने कुठे जिंकले? मशीनने जिंकले.” त्यावर तो मुलगा हळूच म्हणाला, “पण दादा, मशीनने कुठे उभं राहायचं ते मीच सांगत होतो की.”

आम्ही न्यायाधीश म्हणून बसलो नव्हतो, पण डाव पाहिले होते. पुतण्याचे यंत्र सारखे हवेत झेपा घेत होते. त्या खेळात झेपेला शक्ती लागते, आणि ती संपली की यंत्राला जमिनीवर उतरून क्षणभर थांबावे लागते. तो मुलगा एका पडक्या भिंतीआड उभा राहून त्या क्षणाची वाट पाहत होता. शक्ती संपून पुतण्याचे यंत्र खाली टेकले रे टेकले की हा बाहेर पडे, आपला सारा मारा करी आणि पुन्हा भिंतीआड जाई. यात नेम यंत्राचा होता हे खरे. पण वेळ, जागा आणि संयम ही तिन्ही त्या मुलाची होती.

तरीही पुतण्याचा पक्ष अगदीच पोकळ आहे असे आम्ही म्हणणार नाही. त्याने महिनोन्‌महिने सराव करून मनगटाला जे कसब आणले, त्याला काही मोल नाही काय? मोल निश्चित आहे; पण कोणत्या क्रीडेत कोणत्या गुणाची परीक्षा घ्यावयाची, हे त्या क्रीडेच्या स्वरूपावरून ठरले पाहिजे. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल तीन पवित्रे या प्रकारात कांस्यपदक मिळविले. त्या क्रीडेत १० गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते, आणि नेमबाज ते कधी गुडघ्यावर बसून, कधी पालथे पडून, कधी उभे राहून वेधतो. तेथे श्वास, नाडी आणि बोट यांचीच परीक्षा आहे. यंत्राने हात स्थिर करून दिला तर क्रीडाच संपली. परंतु ज्या खेळात आपण ५० टनांच्या पोलादी देहात बसलो आहोत अशी कल्पना आहे, तेथे परीक्षा अंगठ्याची असावी की त्या देहाला चालविणाऱ्या बुद्धीची?

अंगठ्याचे नाव निघाले म्हणजे मराठी वाचकाला एकलव्य आठवल्यावाचून राहावयाचा नाही. आदिपर्वात सांगितले आहे की उजवा अंगठा गुरुदक्षिणेत दिल्यावरही एकलव्य उरलेल्या बोटांनी बाण सोडीत राहिला. मात्र पूर्वीची शीघ्रता राहिली नाही. आम्हांला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. त्याची शीघ्रता गेली. त्याची विद्या गेली नव्हती. कोठे उभे राहावे, कोणता बाण घ्यावा, किती थांबावे, हे सारे तो पूर्वीइतकेच जाणत असला पाहिजे. द्रोणांच्या अरण्यात त्या ज्ञानाला शीघ्रतेवाचून किंमत नव्हती. परंतु जो खेळ माणसाने स्वतः रचला आहे, ज्याचे नियम आज लिहून उद्या बदलता येतात, त्याने तरी प्रवेशद्वारापाशी बसून अंगठ्याची दक्षिणा का मागावी?

मग सर्व नेम यंत्रालाच देऊन टाकावा काय? तसेही नव्हे, आणि का नव्हे, हे आमच्या या मीरा-भाईंदरातीलच एक जागा चांगले शिकविते. भाईंदरच्या पश्चिमेस उत्तनच्या बाजूला, चौक गावाजवळच्या टेकडीवर, धारावीच्या किल्ल्याचे अवशेष आहेत. खाली वसईची खाडी आणि पैलतीरावर वसईचा किल्ला. १७३७ ते १७३९ च्या वसई मोहिमेत या जागेसाठी मराठे आणि पोर्तुगीज यांच्यात निकराची झुंज झाली. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने ती घेतली आणि त्याच वर्षी मे महिन्यात वसईही पडली. तेथे उभे राहिले म्हणजे ही टेकडी दोन्ही पक्षांना का हवी होती, हे शाळकरी मुलालाही समजते. खाडीच्या मुखाशी फिरकणारे प्रत्येक गलबत तेथून नजरेच्या टप्प्यात येते.

आता त्या काळच्या तोफेचा विचार करा. हा शब्द पुढे क्रिकेटने पळविला असला, तरी गोलंदाज म्हणजे मुळात तोफ डागणारा. त्याची तोफ बोटाच्या इशाऱ्याने वळत नसे. तिला वळवावयास माणसे लागत. तिचे तोंड खालीवर करण्यासाठी तिच्या बुडाशी पाचर मारावी लागे. एक गोळा सुटला की नळी पुसून, दारू भरून, पुन्हा बत्ती देईपर्यंत बराच वेळ जाई. अशा हत्याराच्या नेमात चपळ हाताला फारसा वाव नाही. त्यातले कसब निराळे: तोफ कोठे मांडावी, गलबत कोठे येईपर्यंत थांबावे, पहिला गोळा कोठे पडला ते पाहून पाचर किती ठोकावी. यंत्रमानव हा वस्तुतः चालता बुरूज आहे. त्याच्या खेळाची मांडणी पिस्तुलाच्या नव्हे, तर बुरुजावरच्या तोफेच्या धर्माने झाली पाहिजे, असे आमचे नम्र मत आहे.

हे मत नियमांच्या भाषेत मांडावयाचे तर ते येणेप्रमाणे होईल. पहिले, डोळा आणि हत्यार यांच्या खुणा पडद्यावर वेगळ्या असाव्यात. डोळा झटकन वळतो. १०० टनांचे धड सावकाश वळते. हात त्याहून थोडे लवकर. मेकवॉरियर ऑनलाइनमध्ये धडावरील हत्यारांची खूण एक आणि हातांतील हत्यारांची दुसरी, अशी सोय आहे, आणि त्या खेळातील आम्हांला सर्वांत पटलेली गोष्ट तीच. आपण पाहिले तेथे हत्यार पोहोचावयास जो क्षण लागतो, त्या क्षणातच यंत्राचे वजन खेळणाऱ्याला जाणवते.

दुसरे, छुपे फासे नसावेत. मारा विखुरला पाहिजे हे खरे, परंतु तो दैवाने नव्हे, कारणाने विखुरला पाहिजे. यंत्र धावत असेल, उतारावर उभे असेल, तापलेले असेल, तर नेमाचे वर्तुळ पडद्यावर मोठे दिसावे. स्थिर उभे राहिले की ते आकसावे. म्हणजे हुकलेल्या नेमाबद्दल दैवाला बोल लावण्याची सोय राहणार नाही, आणि थांबून मारावे की पळून वाचावे ही निवड प्रत्येक क्षणी खेळणाऱ्यापुढे उभी राहील.

तिसरे, गोळ्याला पोहोचावयास वेळ लागावा. मीरा रोडच्या फलाटावर सकाळी उभा राहणारा कोणीही नोकरदार माणूस हे शास्त्र जाणतो. गाडी दिसते तेथे तो पाहत नाही. डब्याचे दार जेथे येऊन थांबेल त्या खांबापाशी तो आधीच उभा असतो. यंत्राने प्रतिस्पर्ध्याच्या वेगावरून असा अंदाज करून दिला तरी चालेल. पण प्रतिस्पर्धी मध्येच वळला तर तो अंदाज फसावा, म्हणजे दोन्ही बाजूंना डोके चालवावे लागेल.

चौथे, यंत्राने नेम खिळविण्यास काही क्षण घ्यावेत, ज्याच्यावर तो खिळत आहे त्याला त्याची सूचना मिळावी, आणि भिंतीआड गेल्यास तो सुटावा. पाचवे, दृष्टी खिळविण्यासारखी मदत सर्वांना सारखी खुली असावी, आणि समोरचा ती घेत आहे हे प्रतिस्पर्ध्याला दिसावे. मदत घेण्यात अधर्म नाही. तो असलाच तर लपविण्यात आहे. ही मदत काही आजची नव्हे. १९९३ सालच्या डूम या प्रख्यात खेळात बंदूक वरखाली धरण्याची सोयच नव्हती. शत्रू माडीवर असला तरी यंत्र गोळी आपण होऊन वर वळवीत असे, आणि म्हणून त्या खेळाला कोणी लबाडीचा म्हटले नाही.

आणि सहावे, ज्यावर आमचा सर्वांत अधिक कटाक्ष आहे: कोणावर आणि केव्हा, हे दोन निर्णय यंत्राकडे कधीही जाऊ नयेत. या ठिकाणी खेळाची हद्द संपते आणि अधिक गंभीर प्रदेश सुरू होतो. आमच्या परंपरेत यंत्रवत अचूक नेमाची एक कथा आहे, आणि ती शोककथा आहे. दशरथ शब्दवेधी होता. अंधारात, डोळ्यांनी न पाहता, केवळ आवाजावरून तो बाण मारी. शरयूच्या काठी घागर भरण्याचा आवाज झाला, तो हत्तीचा समजून त्याने बाण सोडला, आणि तो श्रावणाच्या वर्मी लागला. त्या रात्री दशरथाच्या नेमात केसाएवढीही चूक नव्हती. हात अचूक, कान अचूक, बाण अचूक. चुकला तो एवढाच प्रश्न की पलीकडे आहे कोण, आणि तो प्रश्न विचारण्यासाठी तो थांबलाच नाही. हत्यार जितके अचूक, तितके या प्रश्नाचे मोल वाढते. स्वतःच लक्ष्य निवडून मारणाऱ्या हत्यारांविषयी २०१४ पासून जिनिव्हा येथे राष्ट्रांच्या प्रतिनिधींची जी चर्चा चालू आहे, तिच्या मुळाशीही माणसाने नेम यंत्राला द्यावा की लक्ष्याची निवडही द्यावी, हीच शंका आहे. आमच्या घरातील पडद्यावरचे यंत्रमानव कोणाचा जीव घेत नाहीत, हे आम्ही जाणतो. पण हात यंत्राचा असला तरी निर्णय आपला आणि त्याची जबाबदारीही आपली, ही सवय जर खेळातून लागणार असेल, तर तसा खेळ मुलांच्या हाती देण्यास आम्ही कचरणार नाही. याउलट ज्या खेळात चौकटीत आलेल्या प्रत्येकावर यंत्र आपण होऊन गोळ्या झाडते, तो खेळ मुलाला काय शिकवील हे आम्हांला सांगता येत नाही.

असो. आमच्या घरच्या कलहाचा तूर्त तह झाला आहे. त्या मुलाने दृष्टी खिळविण्याची सोय वापरावी. पुतण्याला हवी तर त्यानेही वापरावी, नको तर आपल्या अंगठ्यावर विसंबावे. आणि हरणाऱ्याने यंत्राला दोष देऊ नये. पहिले काही दिवस पुतण्याने अभिमानाने सोय नाकारली आणि डाव जवळजवळ बरोबरीत सुटत राहिले. अलीकडे मात्र त्याच्या खेळण्यात फरक पडला आहे. झेपा कमी झाल्या आहेत, आणि डाव सुरू होण्यापूर्वी तो भिंती, उतार, आडोसे न्याहाळू लागला आहे. परवा दोघांच्या पाठीमागे आम्ही वर्तमानपत्र वाचीत बसलो होतो, तेव्हा त्याने न राहवून त्या मुलाला विचारले, “अरे, त्या भिंतीमागे तू नेमका किती वेळ थांबतोस?”

मुलगा पडद्यावरची दृष्टी न काढता म्हणाला, “तू दमेपर्यंत, दादा.”